मूळ लेखकाला टॅग करावं का?

नाशिकच्या एका वाचक मुलीला उत्तराची घाई आहे. तिनं ‘हॅरी पॉटर’मधल्या स्नेपवर एक दीर्घकथा लिहून ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिकच्या (म्हणजे दुसऱ्याची पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या) संकेतस्थळावर टाकली आहे आणि आता ती थेट मूळ लेखिका रोलिंगबाईंना टॅग करायची म्हणते. ज्यांच्यामुळे लिहिलं, त्यांना कळायला नको का, असं तिचं म्हणणं.

नको. भावना समजते, तरी नको.

पुस्तक आवडलं की लेखकाला पत्र लिहायचं, जमलं तर घरी जाऊन भेटायचं आणि जाताना स्वतःचं एखादं बाडही न्यायचं, ही आपली जुनी सवय. (लेखकाच्या घरच्यांना विचारा ती किती गोड वाटते ते.) पण फॅनफिकची गोष्ट वेगळी. त्यात पात्रं लेखकाचीच असतात, आणि तो अजून त्यांच्यावर लिहीत असेल तर पंचाईत होते.

‘बॅबिलॉन ५’ ही नव्वदच्या दशकातली अमेरिकी विज्ञानमालिका. तिचा कर्ता जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की. बहुतेक भाग त्यानं एकट्यानं लिहिले आणि त्याच काळात तो यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावर चाहत्यांशी गप्पाही मारायचा. कथाकल्पना तेवढ्या इथे मांडू नका, एवढीच त्याची विनवणी. तरीही एका चाहत्यानं सहज लिहून टाकलं, की स्मृती पुसून टाकलेल्या गुन्हेगाराला आपला भूतकाळ कळला तर? नेमकी तीच कल्पना स्ट्रॅझिन्स्कीच्या डोक्यात होती. आता भाग केला असता तर कोणीही म्हणालं असतं, चाहत्याची कल्पना उचलली. त्यानं तो भाग बाजूला ठेवला. पुढे त्या चाहत्यानं आपला काही हक्क नाही असं रीतसर लिहून दिलं, तेव्हा कुठे ‘पासिंग थ्रू गेथसेमेनी’ नोव्हेंबर १९९५ मध्ये दिसला. आपण खुनी होतो हे कळलेल्या साधूची ती गोष्ट मालिकेतल्या उत्तम भागांपैकी एक आहे. एका निरागस ओळीपायी ती कायमची कपाटात गेली असती!

नक्कल झाली असा दावा करणाऱ्याला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: दोन कथांमधलं साम्य, आणि ती कथा लेखकाच्या हाती पोचण्याची शक्यता. तू टॅग केलंस की दुसरी गोष्ट आयतीच सिद्ध होते. म्हणून लेखक वाचत नाहीत. त्याला तोरा समजू नये.

अमेरिकी लेखिका मॅरियन झिमर ब्रॅडली तर आपल्या ‘डार्कओव्हर’ विश्वावरच्या चाहत्यांच्या कथा १९८० पासून संग्रहांत छापत होत्या. नव्वदीच्या सुरुवातीला एका चाहतीची कथा आणि बाई लिहीत असलेली कादंबरी यांच्यातल्या साम्यावरून बिनसलं. नेमकं काय घडलं याबद्दल दोन्ही बाजू वेगवेगळं सांगतात, पण कादंबरी बारगळली आणि चाहत्यांना उघडं असलेलं दार बंद झालं. ‘डिस्कवर्ल्ड’चा लेखक टेरी प्रॅचेट याचा तोडगा मला सगळ्यांत शहाणा वाटतो: लिहा खुशाल, फक्त मी ठेचकाळेन अशा जागी ठेवू नका.

नटांच्या बाबतीत फॅनफिक त्यांच्यापुढे नेण्याची हीच चूक चाहत्यांच्या वर्तुळाबाहेरची माणसं करतात. डिसेंबर २०१३ मध्ये लंडनला ‘शेरलॉक’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या नव्या भागाचा खेळ होता. तिथे सूत्रसंचालिकेनं मालिकेतले प्रमुख नट कंबरबॅच आणि फ्रीमन यांच्या हाती एक फॅनफिक देऊन ते मोठ्यानं वाचायला लावलं. जिनं लिहिलं तिला विचारलंही नव्हतं. तिनं आपल्या मंडळींसाठी लिहिलेलं असं हशा पिकवायला वापरणं मला तरी असभ्यच वाटतं.

तेव्हा रोलिंगबाईंना लिहायचंच असेल तर त्यांच्या पुस्तकांबद्दल लिही, तुझ्या कथेचा उल्लेखही नको. कथेचा दुवा हवं तर मला पाठव. मी काही हॅरीच्या हॉगवर्ट्सवर कादंबरी लिहीत नाही.