पाण्यांतील धातूंची रंगीत साक्ष

लोखंडी कढईंत शिजविलेला आवळा काळवंडतो, हें गृहिणींना ठाऊक आहे. जुन्या काळीं हिरडा व हिराकस यांची शाई करीत, तिचेंहि मर्म तेंच. या फळांतील तुरट द्रव्याशीं विरघळलेल्या लोहाचा संयोग झाला, कीं निळसर काळा रंग उमटतो. श्रोतेहो, डोळ्यांस न दिसणारा धातु रंगावरून ओळखण्याच्या विद्येचें बीज असें आपल्या स्वयंपाकघरांतच आहे.

या विद्येचें प्रयोजन कोणतें? धाराशिव जिल्ह्यांतील लोहाऱ्याचें उदाहरण घेऊं. हा मुलूख काळ्या बसाल्ट खडकाचा. पावसाचें पाणी त्याच्या भेगांतून मुरत विहिरींत उतरतें, आणि वाटेंत खडकांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेतें. दिसावयास असें पाणी स्फटिकासारखें. पण हे क्षार वाढले म्हणजे डाळ शिजत नाहीं, साबणाला फेस येत नाहीं, हंड्याच्या तळाशीं पांढरा थर बसतो. पाणी जड आहे एवढें यावरून कळतें. किती जड, हें मात्र रंग सांगतो.

विरघळलेल्या धातूच्या विद्युद्भारित कणास आयन म्हणतात. कांहीं रंगद्रव्यांचे रेणु या आयनास खेकड्याच्या नांगीप्रमाणें पकडतात. पकड बसतांच रेणूंतील इलेक्ट्रॉनांची स्थिति पालटते, तो प्रकाशाचा निराळा भाग शोषूं लागतो, आणि आपणांस निराळा रंग दिसतो. एरिओक्रोम ब्लॅक टी हें असेंच एक द्रव्य. जड पाण्यांत, योग्य अल्कता राखली असतां, तें लालसर दिसतें. मग ई. डी. टी. ए. चें द्रावण थेंबाथेंबानें सोडावें. त्याची पकड अधिक बळकट. तें धातु हिरावून घेतें, आणि अखेरच्या थेंबासरशीं पाणी निळें होतें. थेंब मोजले, कीं जडपणा कळला. स्विस रसायनज्ञ गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनीं १९४० नंतरच्या दशकांत ही रीत घडविली. भारतीय मानकाप्रमाणें हा जडपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबानें, लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरें पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

२०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशनांत गांवोगांवच्या पांच स्त्रियांना पाण्याच्या परीक्षापेट्या हाताळावयास शिकविण्याची योजना आहे. या पेट्यांतील कित्येक परीक्षा अशा रंगाच्याच आहेत.

परंतु एक सावधगिरी हवी. प्रत्येक रंगद्रव्य ठराविक प्रश्नाचेंच उत्तर देतें. लोहाच्या परीक्षेंत रंग उमटला नाहीं, म्हणून पाणी निर्दोष ठरत नाहीं. त्यांत शिसें असूं शकेल. त्याला ना रंग, ना वास. आणि मुलांच्या मेंदूस तें अपाय करतें. पाण्यांत लोह लिटरमागें १ मिलिग्रॅमपर्यंत चालतें. शिशाची मर्यादा अवघी ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे त्याचा शंभरावा हिस्सा. डायथायझोन हें हिरवें द्रव्य शिशाच्या संगतीनें लाल होतें खरें, पण जस्तानेंहि तें लाल होतें! म्हणून इतर धातूंना आधीं बांधून ठेवावें लागतें, आणि त्यासाठीं प्रयोगशाळाच गांठावी लागते.

तेव्हां रंग पालटला, तर त्याची साक्ष मानावी आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे धाडावा. रंग न पालटला, तर निश्चिंत होण्यापूर्वीं एवढेंच पाहावें, कीं आपण पाण्याला विचारलें तरी काय होतें.