क्षमा, समेट आणि ऋण

मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेसाठी ‘ऋण’ हा शब्द येतो. ख्रिस्ती क्षमा समजून घेताना मला तो कळीचा वाटतो. ऋण सोडणारा ते नव्हतेच असे म्हणत नाही. आणि ते सोडण्याचा अधिकार धनकोचाच असतो.

केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात काम करीत. आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्याच्या त्यांच्या धडपडीमुळे हितसंबंधी दुखावले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात त्यांना भोसकून मारण्यात आले. मारेकऱ्याला जन्मठेप झाली.

२००२ साली त्यांची धाकटी बहीण, धर्मभगिनी सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने संमती दिली; २००६ साली तो सुटला. पुढे केरळात जाऊन तो राणी मारियांच्या आईलाही भेटला. क्षमा एकट्याने करता येते. समेटासाठी मात्र अपराध्यानेही पश्चात्तापाने चालत यावे लागते. इथे तो आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये चर्चने राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केले.

कुटुंबाने सोडले ते त्यांचे स्वतःचे ऋण. आदिवासींच्या पिळवणुकीचा हिशेब त्यांच्या हाती नव्हता आणि राखीने तो मिटलाही नाही. पीडितांच्या वतीने परस्पर क्षमा जाहीर करण्याची घाई समाजाला फार असते. अशा वेळी आधी विचारावे : हे ऋण नेमके कोणाचे?