ऑनर्स सगळ्यांना, वर्ग ज्याचा त्याचा

राहुरीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. बँकांच्या कृषी अधिकारी परीक्षेची जाहिरात आली, की महात्मा फुले कृषी विद्यापीठातली मुलं रांग लावतात. सोबत बऱ्याचदा आईवडीलही असतात. “पोरगी ऑनर्स झालीय ताई, फर्स्ट क्लास टाका,” असं एक काका म्हणाले, तेव्हा त्यांचा अभिमान बघून मलाही बरं वाटलं. पण ऑनर्सवरून वर्ग टाकता येत नाही.

पाचव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनंतर कृषीच्या चार वर्षांच्या पदवीचं नावच बी.एस्सी. ऑनर्स झालं. काठावर पास झालेल्यालाही तीच पदवी. वर्ग ठरतो सीजीपीएवर. 5 ला पास, 6 पासून द्वितीय, 7 पासून प्रथम आणि 8 पासून विशेष प्रावीण्य. दहाने गुणलं की टक्के.

काकांना मी कागदावर मांडून दाखवलं. समजा, मृदाशास्त्र 3 क्रेडिटचं, त्यात 76 गुण. 7.6 गुणिले 3, झाले 22.8. उद्यानविद्या 2 क्रेडिटची, गुण 62. 6.2 गुणिले 2, 12.4. बेरीज 35.2, भागिले 5 क्रेडिट, आले 7.04. प्रथम वर्ग! नुसती सरासरी काढली असती तर 6.9 वर अडकलो असतो. म्हणून मुलांना मी कळकळीने सांगते, ‘रावे’ हलक्यात घेऊ नका. कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावात राहून केलेल्या त्या कामाला तब्बल 20 क्रेडिट असतात.

पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कला, वाणिज्य, विज्ञानाचं वेगळं आहे. नव्या धोरणात तीन वर्षांनी साधी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. संशोधनासह ऑनर्स हवं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. इंग्लंडात तर ऑनर्सचेच वर्ग पाडतात आणि तिथे साधारण 70 ला प्रथम वर्ग मिळतो. तिकडे शिकणाऱ्या पोराला 65 पडले म्हणून घरी कुणी तोंड पाडू नये.

टक्के मात्र गुणपत्रिकेवर येतात तेवढेच भरायचे. बँकांच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं, 59.99 म्हणजे 60 पेक्षा कमीच. “60 करा ना ताई,” अशी कुणी कितीही गळ घातली तरी मी करत नाही. कागदपत्रं तपासताना उमेदवारी त्या लेकराचीच जाते.