'सगळा माल आला नाही' म्हणजे किती आला?

जपानशी व्यवहार करणारा व्यापारी दर, दर्जा आणि मुदत यांची काळजी घेतो. पण पत्रातील एका अक्षरानेही हिशेब चुकू शकतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. भारत-जपान आर्थिक भागीदारी करार १ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. तेव्हा ही भाषा आता केवळ विद्यार्थ्यांची राहिलेली नाही.

समजा, आपण शंभर खोकी पाठविली आणि उत्तर आले, 'झेम्बु तोदोकिमासेन देशिता.' 'झेम्बु' म्हणजे सगळे. पुढचा अर्थ 'पोहोचले नाही'. आपल्याकडे 'सगळा माल आला नाही' म्हटले की, एकही खोके आले नाही की काही कमी आली, असा प्रश्न पडतो. तोच घोटाळा येथेही होतो. आता 'झेम्बु'पुढे 'वा' ठेवा : 'झेम्बु वा तोदोकिमासेन देशिता.' अर्थ स्वच्छ झाला. माल आला, पण पुरता आला नाही. हा 'वा' लिहिताना 'हा' या अक्षराने लिहितात, म्हणून नवशिका तेथे अडखळतो. एकही खोके आले नसेल, तर 'हितोत्सु मो', म्हणजे 'एकही', असे शब्द घालून शंका मिटविता येते.

मराठीत हे काम 'च' आणि 'काही' करतात. 'सगळेच गिऱ्हाईक काही उधारी बुडवत नाहीत,' असे आपण म्हणतोच की!

आणखी दोन प्रयोग लक्षात ठेवावेत. 'कानाराझुशिमो' हा शब्द दिसला आणि वाक्याच्या शेवटी नकार आला, तर 'दर वेळी तसेच असते असे नाही' हा अर्थ घ्यावा. 'कावानाइ वाके देवा आरिमासेन' म्हणजे 'घेणार नाही असे काही नाही'. दोन नकार पाहून सौदा मोडला असे समजू नये. दार अजून उघडे आहे. मात्र हा होकारही नव्हे. त्यावर विसंबून माल भरणे धोक्याचे.

जपानी वाक्यात नकार आपल्यासारखाच शेवटी येतो. म्हणून आमची व्यापारी बांधवांना एवढीच सूचना : वाक्य शेवटपर्यंत वाचा, 'वा' आहे की नाही ते पाहा आणि नुकसानभरपाईची बोलणी सुरू करण्याआधी 'किती खोकी पोहोचली?' हे आकड्यात लिहून मागा. आकड्याला व्याकरणाची अडचण नसते.