गवती चहा उंच झाला म्हणजे तेल वाढले?

कसाल तिठ्यावरून मालवणकडे वळले की आंबा-काजूच्या बागा लागतात. संजीवक, म्हणजे झाडाची वाढ बदलणारे औषध, म्हटले की इथल्या बागायतदाराला पहिल्यांदा कल्टारच आठवते. त्यामुळे बागेत गवती चहा किंवा वाळा लावून तेल काढायचा विषय निघाला, की पुढचा प्रश्न ठरलेला: त्याला काय मारायचं?

या प्रश्नामागचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की झाड वाढले की तेलही वाढते. गवती चहाचे तेल पानांच्या आतल्या पेशींत असते, तुळशीचे पानावरच्या बारीक ग्रंथींत आणि वाळ्याचे मुळांत. जिबरेलिक अॅसिड या संजीवकाने कांडी लांबते, पीक डोळ्यांना भरते, पण तेलपेशी त्याच प्रमाणात वाढतीलच असे नाही. हिशेब मांडून बघा. 100 किलो पाल्यात 0.4 टक्के तेल असेल तर 400 ग्रॅम मिळेल. पाला 120 किलो झाला, पण तेल 0.3 टक्क्यांवर आले, तर हाती 360 ग्रॅमच येतील. कापणी, वाहतूक आणि भट्टीचे सरपण मात्र वाढलेले. म्हणून पिकाची उंची मोजून निकाल लावू नये. तो भट्टीवर, तेल मोजूनच लागतो.

शिवाय गवती चहाच्या तेलात सिट्रल, म्हणजे लिंबासारखा वास देणारा घटक, किती हे आधी जात ठरवते. केरळातल्या ओडक्कली केंद्राची ‘सुगंधी’ किंवा लखनौच्या सीमॅप या संशोधन संस्थेची ‘कृष्णा’ या तेलासाठीच निवडलेल्या जाती आहेत. परसातला ठोंब लावून वर महागडे टॉनिक मारणे मला पैशाची नासाडी वाटते.

दुसरा गैरसमज आपल्याकडे जास्त धोक्याचा आहे: कल्टार आंब्याला चालते, मग गवताला का नको? कल्टारमधले पॅक्लोब्युट्राझोल झाडातले जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक तयार होणेच रोखते, म्हणजे ते वाढ आवरणारे औषध आहे. आंब्याला पालवीऐवजी मोहोर यावा म्हणून ते देतात. ते मुळांतून शोषले जाते आणि जमिनीत महिनोन्‌महिने टिकते. कल्टार ओतलेल्या कलमाच्या आळ्यात गवती चहा लावला, तर तो खुजा राहण्याची भीती आहे. आंतरपीक घ्यायचेच तर ती जागा सोडावी.

‘थोडे जास्त पडले तर काय बिघडते?’ बरेच बिघडते. 2,4-डी हे तणनाशक म्हणजे ऑक्सिन या झाडातल्या संप्रेरकासारखेच काम करणारे रसायन. जास्त मात्रेत ते रुंद पानांच्या तणाला मारते. म्हणून संजीवकाची मात्रा पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्ष भागांत किती भाग अशी, मोजतात. 50 पीपीएमसाठी 15 लिटरच्या पंपाला फक्त पाऊण ग्रॅम लागते. जिबरेलिक अॅसिडची शुद्ध पूड थेट पाण्यात टाकली तर नीट विरघळत नाही, गुठळ्या तरंगतात. ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते. नाहीतर एका ओळीला मात्रा जास्त आणि दुसरीला नुसते पाणी, असे होते.

याउलट काही जण कोणत्याही संजीवकाला विष समजतात. तेही खरे नाही. 1962 मध्ये चमेलीच्या तेलातून वेगळे केलेले मिथाइल जॅस्मोनेट हा वनस्पतीचाच संरक्षणाचा संदेश आहे. ते सब्जाच्या झाडांवर फवारल्यावर लिनालूल आणि युजेनॉल हे तेलातले सुगंधी घटक वाढल्याचे प्रयोगांत दिसले. किडीला दूर ठेवणे हेही सुगंधाचे एक काम, त्यामुळे हे पटण्यासारखे आहे. पण सब्जावरचा निकाल वाळ्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

दुकानात लेबल वाचून घ्या. जिबरेलिक अॅसिड आणि पॅक्लोब्युट्राझोल 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. समुद्रशेवाळाच्या अर्कासारखी जैव-उत्तेजके फेब्रुवारी 2021 पासून खत नियंत्रण आदेशात आली. लेबलवर तुमच्या पिकाचे नाव नसेल तर बाटली परत ठेवा आणि किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. परवानगी असलेले काही वापरायचेच ठरले, तर शेजारच्या काही ओळी न फवारता ठेवा, दोन्हींचा पाला वेगवेगळा भट्टीत घाला आणि तेल वेगळे मोजा.