बंद पडलेल्या मॉनिटरचा दोष बहुधा काचेत नसतो

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे नगर झाले. तेथील एखाद्या मराठी घराच्या माळ्यावर पितळी भांड्यांच्या शेजारी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा संगणक निघाला, तर नवल नाही. संगणक सुरू होतो, परंतु मॉनिटरचा पडदा काळाच राहतो, आणि दुसऱ्या दिवशी सारे भंगारात जाते.

ही घाई महागात पडू शकते. १९८७ मध्ये आलेल्या व्हीजीए पद्धतीच्या संगणकाला आजचाही पडदा जोडता येतो. त्याआधीच्या यंत्रांना ती सोय नाही. व्हीजीए सेकंदाला सुमारे ३१,५०० आडव्या रेषा रेखाटते, तर जुनी हर्क्युलिस पद्धत सुमारे १८,४००. हा संथ संकेत नव्या पडद्यांना सहसा उमगत नाही. मॉनिटर गेला की तो संगणकही मुका होतो. शिवाय २००५ मध्ये व्हिडिओकॉनने थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला, तो काळ आता सरला असून नवी ट्यूब बाजारात मिळत नाही.

दिलासा एवढाच की ट्यूब सहसा एकाएकी मरत नाही. ती वर्षानुवर्षे क्षीण होते, चित्र फिकट पडत जाते. काल चालणारा मॉनिटर आज पूर्ण बंद असेल, तर संशय प्रथम वीजपुरवठ्याच्या भागावर घ्यावा.

मात्र झाकण उघडण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानी असावी. रंगीत ट्यूबला २० ते २५ हजार व्होल्ट दाब लागतो आणि वायर काढल्यानंतरही काचेत भार साठून राहतो. जाणकार कारागीर पेचकसाला तार बांधून तिचे दुसरे टोक ट्यूबभोवतीच्या उघड्या जाळीदार तारेस जोडतो, एक हात पाठीमागे ठेवतो आणि रबरी टोपीखाली पेचकस सरकवून तो भार उतरवतो. वीजपुरवठ्यातील मोठ्या कपॅसिटरमध्येही ३०० व्होल्टांहून अधिक दाब असू शकतो. तो वेगळा उतरवावा लागतो. ज्याने हे काम कधी पाहिलेले नाही, त्याने ते एकट्याने करू नये. ट्यूबची मान तर अंड्याच्या कवचासारखी जपावी.

फ्यूज उडालेला दिसताच नवा बसवणे ही सर्वांत सामान्य चूक होय. आतील काच काळवंडली असेल, तर पुढे कोठेतरी शॉर्ट आहे. अशा वेळी दुरुस्तीच्या दुकानांतील सिरीजचा दिवा कामी येतो. साधा १०० वॅटचा तंतूचा दिवा मॉनिटरच्या मार्गात जोडला असता तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. प्रखर जळतच राहिला तर दोष कायम आहे आणि नवा फ्यूजही जाणारच. मग रेक्टिफायर, स्विचिंग ट्रान्झिस्टर आणि डिगॉसिंगचा पॉझिस्टर तपासावेत. लयबद्ध टकटक ऐकू आली तर वीजपुरवठा उठू पाहतो, पण ओझ्याने बसतो. तेथे हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा फ्लायबॅक पाहावा. पडद्यावर केवळ एक झगझगीत आडवी रेघ उरली असल्यास उभ्या विक्षेपणाचा भाग थांबलेला असतो. तेव्हा उजेड ताबडतोब कमी करावा, नाहीतर ती रेघ काचेवर कायमची कोरली जाते.

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि बंद पेटीत तो आणखी चढतो. ढोबळ हिशेबाने दर १० अंशांच्या वाढीबरोबर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. म्हणून बदलताना ८५ नव्हे, १०५ अंशांचे घ्यावेत; किमतीतला फरक नगण्य असतो. फ्लायबॅकच्या पायांभोवती कथील-शिशाच्या डाखेला बारीक गोल तडे गेलेले असतात, ते भिंगातूनच दिसतात. पुन्हा डाख दिल्याने कित्येक मॉनिटर जिवंत होतात. उच्च दाबाने ओढलेली धूळही तेथे थरांनी साचते. गोव्यात मात्र शत्रू वेगळा: पावसाळी दमट हवेत रबरी टोपीभोवती सुसकारा ऐकू येतो आणि ओझोनचा उग्र वास येतो. तेव्हा मॉनिटर बंद करून, भार उतरवून, ती जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवावी.

ट्यूबच खरोखर संपली असेल, तर काच फोडू नये. तिच्या मागच्या भागात शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तिची रवानगी नोंदणीकृत पुनर्वापरकाकडेच व्हावयास हवी. आतील फ्लायबॅक, जोडण्या आणि कॉइल मात्र आधी काढून ठेवाव्यात, कारण त्याच नमुन्याच्या दुसऱ्या मॉनिटरला ते सुटे भाग अन्यत्र मिळत नाहीत.