माजलगावची मासळी : खरेदी करताना

बीड जिल्ह्याला समुद्र नाही, पण सिंदफणेवरील माजलगाव धरणामुळे आपल्या काही बांधवांना मासळीचा धंदा मिळाला आहे. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. म्हणून मृगळासाठी जाळे खोल सोडावे लागते. जाळी संध्याकाळी टाकतात व पहाटे ओढतात. खरेदीदाराने सावध राहायचे ते इथेच. रात्रीच्या सुरुवातीला अडकून मेलेला मासा कित्येक तास पाण्यातच राहतो. उन्हाळ्यात तो काठावर येईपर्यंत नरम पडलेला असतो. कल्ले लाल हवेत, डोळा फुगीर हवा, बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून यावा. उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ धरावा. बर्फात काटकसर करून आम्ही एकदा अर्धी पाटी फेकून दिली आहे! वितळलेले पाणी खोक्यातून वाहून गेले पाहिजे. पाण्यात भिजलेला मासा काट्यावर जास्त भरतो खरा, पण तो पैसा गिऱ्हाईकाच्या खिशातला असतो.

जाळ्यात अडकून मेलेला मासा हलाल आहे. आपोआप मरून पोट वर करून तरंगणारा मासा मात्र हनफी मसलकात मना आहे. तो फुकट मिळाला तरी पाटीत घेऊ नये.